आज कोरड्यास काय?

वडगावच्या स्वयंपाकघरांचा आठवडा सोमवारी संध्याकाळी सुरू होतो. शाळा-कचेऱ्यांचं वेळापत्रक काही असो, चुलीचा हिशेब बाजाराचा. सेनापती धनाजी जाधवांची समाधी इथं आहे, महालक्ष्मीचं देऊळ आणि तळं आहे, पण आसपासची खेडी पेठ वडगावला ओळखतात ती सोमवारच्या बाजारामुळं. लाटवडे, भादोले, अंबप, मिणचे, सावर्डे, घुणकी इथल्या बायका पहाटे काढलेली भाजी बुट्ट्यांत भरून येतात. कोणी एसटीनं, कोणी वडापनं, कोणी लेकाच्या मोटारसायकलवर मागं बसून. मेथी, शेपू, पोकळा, चाकवत, कांदापात. वांगी, दोडका, घेवडा. शेजारी जोंधळ्याची पोती, कडधान्यं, लसणाच्या गड्ड्या, सुकी मासळी. "घ्या की वहिनी, जवारी हाय," असं म्हणत पेंढी हातात ठेवली जाते आणि घेणारीच्या मनात त्या क्षणी पेंढीबरोबर पुढचे दोन दिवसही ठरायला लागतात.

हे ठरणं मला फार महत्त्वाचं वाटतं. स्वयंपाक म्हटलं की आपण चव सांगतो, हात सांगतो, आईच्या आमटीची आठवण काढतो. सणाच्या पुरणपोळीवर आणि तांबड्या-पांढऱ्यावर भरभरून बोलतो. पण मंगळवार, गुरुवार असल्या साध्या वारी, दिवसभर राबून आल्यावर, घरातल्या पाच-सहा माणसांच्या ताटात काय पडणार हे रोजच्या रोज कोणीतरी ठरवत असतं. तो विचार करणारं डोकं आपल्या बोलण्यात फारसं येत नाही. "आज कोरड्यास काय?", म्हणजे भाकरीबरोबर खायला काय, हा आमच्याकडचा रोजचा प्रश्न. बायका तो एकमेकींना विहिरीवर विचारत, नळावर विचारत, आता फोनवर विचारतात. दुसरीनं "दोडका केलाय" म्हटलं की पहिलीला तेवढाच आधार मिळतो. तिच्या घरात दोडका नसेलही, पण ठरवण्याचा ताण दोघींत वाटला जातो.

बाजारातून घरी आलेली भाजी कोणत्या क्रमानं संपवायची, याची इथल्या बायकांची एक रीत आहे. सोमवारी रात्री कांदापात. निवडायला सोपी, पटकन चिरून होते, डाळीचं पीठ भुरभुरलं की झुणका तयार. बाजारात पाय मोडून आल्यावर मेथी निवडायचं त्राण कुणाला असतं? मेथी रात्री जेवणं झाल्यावर टीव्हीपुढं बसून निवडायची, ती मंगळवारी सकाळच्या डब्याला. शेपूत मुगाची डाळ घालून मंगळवारी रात्री, चाकवत ताकातला बुधवारी. पालेभाजीच्या पानांतून पाणी उडतं, ती सगळ्यांत आधी माना टाकते. म्हणून पानं पहिल्या दोन दिवसांत, मग दोडका, दुधी, घेवडा, मग वांगी, आणि शेवटी टोपलीच्या तळाशी उरलेले बटाटे नि कांदे. बुधवारी संध्याकाळी मटकी भिजत पडते, गुरुवारी सकाळी फडक्यात बांधली जाते, शुक्रवारी मोड आलेले असतात. शुक्रवारच्या डब्याची तयारी बुधवारी सुरू झालेली असते, आणि घरातल्या बाकीच्यांना शुक्रवारी डबा उघडल्यावर तिचा पत्ता लागतो. शनिवारी पिठलं. रविवारी सांडग्याची आमटी, नाहीतर कोंबडी.

त्यात वारांचं बंधन आहे. सोमवार महादेवाचा, मंगळवार-शुक्रवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. जोतिबाचा डोंगर इथून जवळ, त्याचा वार रविवार, म्हणून काही घरं रविवारही पाळतात. एकाच घरात सासू शुक्रवार धरते आणि सून गुरुवार, तेव्हा मटणाला बुधवार तेवढा उरतो. बाहेरच्या माणसाला वाटतं कोल्हापूर जिल्ह्यात रोज रस्सा उकळत असेल. इथल्या बहुतेक घरांत आठवड्यातले पाच-सहा दिवस भाकरी, आमटी, एखादी भाजी, कांदा आणि चटणी एवढंच असतं. त्या पाच-सहा दिवसांवरच घर चालतं.

भाकरीचं वेळापत्रक वेगळं. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. उकळतं पाणी ओतून पिठाला वाफ दिली, तळहातानं रेटून मळलं, की ते जरा धरून राहतं. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, मग कितीही मळा, थापताना कडेला चिरा पडतात आणि तव्यावर टाकताना भाकरी मोडते. म्हणून जोंधळा दळायचा तो थोडा-थोडा, आठ-दहा दिवसांपुरता. गिरणीत वीज कधी असते, तिथं गर्दी कधी असते, आधीचं दळण गव्हाचं आहे की मिरचीचं, हे सगळं माहीत ठेवावं लागतं. भारनियमनाच्या काळात तर गिरणीची वेळ ठाऊक नसली तर रात्री भाताशिवाय गत नसे. पोरं भात खुशीनं खायची. म्हातारी माणसं खायची, पण भाकरीविना जेवल्यासारखं वाटत नाही, असं पाणी पिता-पिता सांगायची.

या रोजच्या घाईला ज्या एका गोष्टीनं सगळ्यांत मोठा आधार दिला, तिला आम्ही नुसतं चटणी म्हणतो. बाहेर तिला कांदा-लसूण मसाला म्हणतात. ती होळी झाल्यावर, उन्हं तापली की करायची. रंगाला ब्याडगी, तिखटपणाला लवंगी, चवीला संकेश्वरी. ब्याडगी हे गाव कर्नाटकात हावेरी जिल्ह्यात, संकेश्वर बेळगाव जिल्ह्यात. दोन्हींची नावं मिरचीला चिकटून आमच्या माळ्यावरच्या बरण्यांत येऊन बसलेली. मिरच्या घेण्यात एक सकाळ जाते. देठ काढायला दुपारभर शेजारणी जमतात. मिरच्या गच्चीवर कडकडीत वाळवायच्या. धणे, तीळ, खसखस, खोबरं, खडा मसाला वेगवेगळं भाजायचं, कारण प्रत्येकाला लागणारी आच निराळी. तीळ तडतडले की उतरायचे, खोबऱ्याला जरा जास्त धीर लागतो. कांदा उभा चिरून उन्हात सुकवून तळायचा, लसूण सोललेला, मीठ जाडं. मग डंकावर नंबर. लोखंडी मुसळं वर-खाली होत असतात, गल्लीभर ठसका पसरलेला, डंकवाल्याचं तोंड फडक्यानं बांधलेलं. कुटलेली चटणी घरी आणून, पसरून, निववून, वर हिंगाचे खडे ठेवून बरणीत दाबून भरायची.

या खटाटोपाकडं मी पुष्कळ वर्षं निव्वळ चवीच्या अंगानं पाहत होते. आता मला त्यात वेळेचा हिशेब जास्त दिसतो. आमटीला, भाजीला, उसळीला रोज जे वाटण लागलं असतं, कांदा भाजा, खोबरं भाजा, लसूण सोला, मसाला कुटा, ते जवळजवळ सगळं एप्रिल-मे महिन्यात वर्षाचं एकदम करून ठेवलेलं असतं. संध्याकाळी सात वाजता तेलात मोहरी-जिरं तडतडवून, कांदा परतून, चमचाभर चटणी घातली की दहा मिनिटांत रस्सा होतो आणि त्याला सावकाश शिजवल्याची चव असते. उन्हाळ्यातल्या त्या तीन-चार दिवसांची ठेव वर्षभर रोज थोडी थोडी मोडून खायची. तीच गोष्ट सांडग्यांची, तीच वाळवलेल्या गवारीची, कारळ्याच्या आणि जवसाच्या कोरड्या चटणीची, शेंगदाण्याच्या कुटाची. ज्या बाईनं हे पहिल्यांदा योजलं असेल तिचं नाव कुठं नाही. मला तिच्याबद्दल अतोनात आदर वाटतो.

छापील पुस्तकांनीही आपल्याकडं मोठं काम केलं. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० सालचं. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली आली. कमलाबाई इथून फार लांबच्या नव्हेत, सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या. शेर-छटाकाच्या आणि "अंदाजानं घाला"च्या जगात त्यांनी वाटी आणि चमचा ही मापं धरली, आणि सासरी-परगावी एकट्या पडलेल्या किती तरी मुलींना हातात धरायला काहीतरी मिळालं. आमच्या घरी त्या पुस्तकाची पानं हळदीनं पिवळी झालेली आहेत. पण पाककृती सुरू होते ती काय करायचं हे ठरल्यानंतर. ठरवायला लागतं ते निराळंच ज्ञान, आणि ते सगळं त्या-त्या घरापुरतं असतं. सासऱ्यांची साखर वाढलीय, भात कमी. धाकट्याला पडवळ चालत नाही, पण किसून थालीपिठात घातलं तर कळत नाही. शिरोलीच्या एमआयडीसीत सेकंड शिफ्ट असली की रात्रीचं जेवण अकरा-साडेअकराला, म्हणजे पुन्हा गरम केल्यावर बिघडणार नाही असं काही. डब्याची भाजी कोरडी हवी, सांडली तर वह्या जातात. मग पातळ आमटी रात्रीला. काल वातूळ झालं, आज मूग. महिनाअखेर आहे, तूरडाळ जपून, मसूर चालेल. हे सगळं एका डोक्यात एकाच वेळी, आणि बरंचसं हातात दुसरं काम असताना.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर लोकांचा दिवस कसा जातो याची पाहणी केली. पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार, अर्ध्या-अर्ध्या तासाचे कप्पे करून प्रत्येकाला विचारलं. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोजची सरासरी २९९ मिनिटं जातात असं निघालं, आणि असं काम करणाऱ्या पुरुषांची ९७; शिवाय असं काम करणारे पुरुषच मुळी चारांतला एक. आकडा वाचून मी थांबले ती दुसऱ्याच कारणानं. हातकणंगल्याहून एसटीनं परत येणारी बाई खिडकीतून उसाकडं बघत मनात म्हणत असते, वांगी दोन उरलीत, बटाटा घालून होतील, कोथिंबीर नाही, दह्याला विरजण लावलंय का? तो अर्धा तास पाहणीच्या कप्प्यात प्रवास म्हणून जातो. तिच्या डोक्यात मात्र त्या वेळी स्वयंपाक चालू असतो.

आता भाजी रोज मिळते. गल्लीत हातगाडी येते, दुकानं उशिरापर्यंत उघडी असतात, फ्रीज आहे, मोबाईलवर हजार प्रकार करून दाखवणारे आहेत. यानं काम सोपं व्हायला हवं होतं. काही बाबतींत झालंच. कुकरनं आणि गॅसनं बायकांच्या डोळ्यांतला धूर काढला, हे उपकार कधी विसरू नयेत. चुलीच्या वैलावर आमटी रटरटत ठेवण्याचं कौतुक मीही ऐकलंय, पण ज्यांनी फुंकणीनं जाळ केला त्यांच्या खोकल्यासकट ते ऐकावं. ठरवण्याचं ओझं मात्र वाढलं असं माझं स्पष्ट मत आहे. बुट्टीत जे आहे त्यातूनच करायचं होतं तेव्हा प्रश्न लहान होता. आज पनीर, उद्या पुलाव, परवा नूडल्स असं सगळंच शक्य झालं, आणि जेवायला बसलेल्या प्रत्येकाला वाटू लागलं की आजही काहीतरी वेगळं असावं. रोज वेगळं करायला घर म्हणजे खानावळ नव्हे. गुरुवारी घेवडाच, हे पक्कं असण्यात एक निवांतपणा होता, करणारीला आणि खाणाऱ्यालाही.

असा पक्का वार जगात इतरत्रही दिसतो. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला सोमवारी तांबडा राजमा आणि भात करायची जुनी चाल आहे, कारण सोमवार कपडे धुण्याचा. राजमा मंद आचेवर ठेवला की लक्ष न देता शिजतो आणि रविवारच्या मांसाचं हाडूक त्यात चव आणतं. इंग्लंडात रविवारचा भाजलेला मांसाचा तुकडा सोमवारी थंडच वाढत, तेही धुण्यामुळंच. तिथल्या बायकांची आणि आमच्या बायकांची कधी गाठ पडली नसेल, तरी दोघींनी एकाच अडचणीवर तोडगा काढला. आमच्याकडचा तसा धीराचा पदार्थ म्हणजे अख्खा मसूर. भिजवायला विसरलं तरी चालतं, सालीसकट शिजतो, चटणी नि खोबऱ्याचं थोडं वाटण घातलं की भाकरीशी आणि भाताशी दोन्हींशी लागतो. पुणे-बेंगळुरू महामार्गावरच्या धाब्यांनी त्याचं नाव मोठं केलं, पण त्याआधी तो शनिवार-रविवारकडं झुकलेल्या रिकाम्या टोपलीवरचा उपाय होता.

बाजार बंद पडला की काय होतं हे आम्ही दोनदा पाहिलं. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं, कोल्हापूरशी संबंध तुटला. इकडं वारणाकाठी निलेवाडीसारखी गावं पाण्यात. भाजी नाही, दूध नाही. तेव्हा माळ्यावरच्या बरण्या खाली आल्या. सांडगे, हुलगे, कारळ्याची चटणी. हुलग्याचं माडगं पोरांनी आयुष्यात पहिल्यांदा खाल्लं. त्याच दिवसांत घराघरांतून भाकरी थापून पुरात अडकलेल्यांना पाठवल्या गेल्या. भाकरीवर झुणका नाहीतर चटणी, कागदात गुंडाळलेली. किती भाकरी, कोणती चटणी दोन दिवस टिकेल, हे आयाबायांनी ओट्यावर उभ्या-उभ्या ठरवलं. वर्षभर रोज आपल्या घराचं ठरवणाऱ्या बायकांना गावाचं ठरवायला वेळ लागला नाही.

मग २०२० साली टाळेबंदीत आठवडी बाजार थांबले. त्या वेळी धान्य होतं, थोडीफार भाजी दारावर येत होती, पण सोमवार गेला होता. सगळी माणसं तिन्ही त्रिकाळ घरात, आणि आठवड्याला डोकं-शेपूट नाही. काय आहे, किती दिवसांचं आहे, पुढं कधी मिळणार, याचा अंदाज बांधायला जी खुंटी लागते ती उपटली गेली. पुष्कळ बायका त्या महिन्यांत म्हणायच्या, करायचं काही वाटत नाही, सुचतच नाही. मला ते अगदी खरं वाटायचं.

म्हणून घरात "मी मदत करतो, सांग काय करू," असं कोणी म्हटलं की मला ते अर्धंच वाटतं. लसूण सोलून देणं चांगलं, भांडी घासणं त्याहून चांगलं. पण सांगायचं कोणी? सांगण्यासाठी जो विचार करावा लागतो तो जिच्याकडं होता तिच्याकडंच राहतो. वाटून घ्यायचं असेल तर वार वाटून घ्यावेत. एका वाराचं सगळं एकाकडं: सोमवारी बाजारात काय घ्यायचं तिथपासून, मटकी कधी भिजवायची, पीठ आहे का, सासऱ्यांना काय चालेल, उरलेल्याचं सकाळी काय, तिथपर्यंत. बिघडलं तर त्या दिवशी सगळ्यांनी दही-भात खावा, पण मधे पडून दुसऱ्या कोणी ठरवू नये.

माझ्या ओळखीच्या एका घरात हे सुरू झालंय. नवरा-बायको दोघं नोकरीला, त्याची फर्स्ट शिफ्ट. गुरुवार आणि शनिवार त्याचे. सुरुवातीला तो बाजारात उभा राहून तिला फोन करायचा. तिनं गोडीत सांगितलं, गुरुवारची भाजी तूच बघ. आता तो सोमवारी स्वतःच्या दोन दिवसांची भाजी वेगळ्या पिशवीत घेतो. घेवडा कोवळा आहे का हे मोडून बघायला शिकलाय, भादोल्याची एक मावशी त्याला ओळखून राखून ठेवते. भाकरी त्याला अजून गोल जमत नाही, पण विरी गेलेलं पीठ त्याला हाताला कळतं, आणि गिरणीत जोंधळा तोच नेतो. शनिवारी तो अख्खा मसूर करतो, त्यात कांदा जरा जास्त घालतो. गेल्या उन्हाळ्यात चटणीच्या मिरच्या निवडायलाही तोच बसला होता, लवंगी किती नि ब्याडगी किती यावर सासूशी वाद घालत. ठरलं शेवटी त्याच्या म्हणण्याप्रमाणं, लवंगी थोडी कमी.